लहानपणापासून तेच स्वप्न पुन्हा पुन्हा का पडतं? त्याचा अर्थ नेमका कुठे शोधायचा?

दहावी होऊन वीस वर्षं झाली, नोकरी लागली, मुलंही शाळेत जायला लागली. तरी स्वप्नात अजून गणिताचा पेपर सुरू आहे आणि एकही गणित सुटत नाहीये. कुणाच्या मागे काहीतरी लागलेलं असतं आणि पाय जागचे हलत नाहीत. कुणाचे दात एकेक करून तळहातावर पडतात. कुणी दर काही महिन्यांनी गावच्या जुन्या घरात पोहोचतं. ते घर पाडून आता तिथे इमारत झाली आहे, पण स्वप्नातलं माजघर मात्र जसंच्या तसं आहे.

अशी स्वप्नं एकदाच पडली तर सकाळी चहाबरोबर विसरली जातात. तेच स्वप्न लहानपणापासून पुन्हा पुन्हा पडत राहिलं, की मग मात्र प्रश्न पडतो. हा काही संकेत आहे का? पूर्वजन्माची आठवण आहे का? घरावर काही संकट येणार आहे का? की डोक्यातच काही बिघडलंय?

मोबाईलवर शोधलं तर उत्तरं भरपूर मिळतात. साप दिसला तर धनलाभ, दात पडले तर घरात मृत्यू, पाणी दिसलं तर अमुक, उंचावरून पडलात तर तमुक. अडचण एवढीच, की ही उत्तरं स्वप्नात काय दिसलं एवढ्यावरच थांबतात. संशोधन मात्र वेगळीकडे बोट दाखवतं: ते स्वप्न कधी येतं आणि त्यात काय वाटतं, याकडे.

असं स्वप्न किती जणांना पडतं?

पहिली दिलासा देणारी गोष्ट म्हणजे हे अजिबात दुर्मीळ नाही. वेगवेगळ्या पाहण्यांनुसार साधारण ६० ते ७५ टक्के प्रौढ सांगतात, की आयुष्यात कधी ना कधी त्यांना एकच स्वप्न वारंवार पडलं आहे. अनेकांच्या बाबतीत ते लहानपणी किंवा किशोरवयात सुरू झालेलं असतं. काहींचं काही महिन्यांत थांबतं, काहींचं वर्षानुवर्षं गायब राहून अचानक परत येतं.

विषयही जगभर बरेचसे सारखेच असतात. पाठलाग होणं हा त्यातला सर्वांत नेहमीचा. त्यानंतर उंचावरून पडणं, परीक्षेत नापास होणं, गाडी चुकणं, दात पडणं, उशीर होणं, हरवणं, घरात नवीनच खोली सापडणं, हवेत उडणं वगैरे. यातली बहुतेक स्वप्नं नकोशी असतात. पुन्हा पुन्हा येणारं सुखद स्वप्नही असतं, पण त्याचं प्रमाण कमी.

झोपेत नेमकं काय घडतं?

१९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतल्या एका विशेष टप्प्याची नोंद केली. या टप्प्यात बंद पापण्यांआड डोळ्यांची बुबुळं वेगाने हलत असतात. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'रेम' झोप म्हणतात. रात्रभरात साधारण दर दीड तासाने हा टप्पा येतो आणि पहाटेकडे तो लांबत जातो. सर्वांत ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं प्रामुख्याने याच टप्प्यात पडतात. पहाटेची स्वप्नं जास्त लक्षात राहतात त्याचं एक कारण हेच. 'पहाटेचं स्वप्न खरं होतं' या समजुतीमागे हा साधा शारीरिक हिशेबही असू शकतो.

रेम झोपेत तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. भीती आणि इतर भावनांशी संबंधित असलेला मेंदूचा भाग चांगलाच जागा असतो. तर्क लावणारा, 'हे कसं शक्य आहे?' असं विचारणारा पुढचा भाग मंदावलेला असतो. आणि मानेखालचे बहुतेक स्नायू तात्पुरते सैल पडलेले असतात, म्हणजे स्वप्नात धावलो तरी प्रत्यक्षात पलंगावरून उठून धावत सुटत नाही.

म्हणून स्वप्नात भावना खरी असते आणि गोष्ट अगदीच अतार्किक. पाडून टाकलेलं घर उभं दिसतं, गेलेली आजी चहा करते, आणि त्याचं काहीच वाटत नाही. भीती मात्र शंभर टक्के खरी वाटते. उठल्यावर छाती धडधडत असते.

कधी कधी डोळे उघडतात, पण स्नायूंचा सैलपणा अजून गेलेला नसतो. हलता येत नाही, ओरडता येत नाही, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. 'भूत छातीवर बसलं' असं ज्याला म्हटलं जातं, त्याचं वैद्यकीय नाव स्लीप पॅरालिसिस. काही सेकंदांत किंवा मिनिटांत ते आपोआप सुटतं. अपुरी झोप, झोपेच्या बदलत्या वेळा आणि ताण असला की ते जास्त होतं.

पाठलागाचं स्वप्न आणि चेण्याचा बिबट्या

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट ओलांडून वरसावे नाक्याकडे जाताना चेणे गाव लागतं. गाव मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या अंगाला खाडी, मधून रात्रंदिवस ट्रक वाहणारा रस्ता. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यात बिबटे राहतात. त्यामुळे या पट्ट्यातल्या पाड्यांवर 'अंधारात एकटा जाऊ नकोस' हे वाक्य मुलांना नुसतं घाबरवण्यासाठी म्हटलं जात नाही. तिथे ते खरं सांगणं असतं.

तिथून काही किलोमीटरवर मीरा रोडचे टॉवर आहेत. तिथल्या बाराव्या मजल्यावर झोपलेल्या मुलाच्या मागे बिबट्या लागण्याची शक्यता जवळपास नाही. तरीही त्या मुलाच्या स्वप्नात वाघ येतो, राक्षस येतो, कुत्रा मागे लागतो. लहान मुलांच्या स्वप्नांत प्राणी मोठ्यांच्या स्वप्नांपेक्षा खूप जास्त असतात, हे संशोधकांनी वारंवार नोंदवलं आहे, आणि शहरातली मुलंही त्याला अपवाद नाहीत.

असं का? फिनलंडचे शास्त्रज्ञ आंटी रेव्होन्सुओ यांनी २००० साली एक उत्तर मांडलं. त्यांच्या मते स्वप्न म्हणजे धोक्याची रंगीत तालीम. हजारो वर्षं माणूस जंगलात, श्वापदांच्या सोबत राहिला. झोपेत धोका 'खेळून' पाहणारा मेंदू जागेपणी चटकन पळायला शिकला आणि तसे पूर्वज टिकले. आपण टॉवरमध्ये राहायला गेलो, मेंदू अजून जंगलाच्या कडेलाच झोपतो.

कल्पना पटण्यासारखी आहे. मग ती तपासलीही गेली. कॅनडातले स्वप्न-संशोधक अँटोनियो झाद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली वारंवार पडणाऱ्या २१२ स्वप्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या सुमारे ६६ टक्के स्वप्नांत कुठला ना कुठला धोका होता. इथपर्यंत रेव्होन्सुओ बरोबर. पण जिवावर बेतणारा आणि रोजच्या आयुष्यात खरोखर घडू शकेल असा धोका १५ टक्क्यांपेक्षाही कमी स्वप्नांत होता. शिवाय अनेक स्वप्नांत माणूस पळून सुटतच नाही, धोका तसाच राहतो. म्हणजे ती तालीम असेल तर बरीच अपुरी तालीम आहे.

यातून निघणारा अर्थ साधा आहे. स्वप्नातला प्राणी बहुतेक वेळा प्राण्याबद्दल काही सांगत नाही. 'कुणीतरी मागे आहे आणि मी सुटू शकत नाही' ही भावना मेंदूत सर्वांत जुन्या, सर्वांत तयार चित्रातून उमटते. सातव्या वर्षी ते चित्र वाघाचं असतं, सतराव्या वर्षी अनोळखी माणसाचं, सदतिसाव्या वर्षी वसुलीसाठी फोन करणाऱ्याचंही असू शकतं. चित्र बदलतं, धाप तीच राहते.

ठाणे-पालघर पट्ट्यातल्या वारली समाजाने या भीतीशी जमवून घेण्याची आपली रीत काढली आहे. तिथे वाघोबा हा देव आहे. त्याची ठाणी आहेत, वाघबारशीला त्याची पूजा होते. जिची भीती वाटते तिला नाव द्यायचं, तिच्याशी नातं जोडायचं, हा माणसाचा फार जुना मार्ग. पुढे येणाऱ्या उपचाराशी या मार्गाचं थोडं साम्य आहे.

परीक्षा संपली, तरी पेपर का सुरू?

सिग्मंड फ्रॉइड यांच्याही लक्षात एक गंमत आली होती. परीक्षेत नापास झाल्याचं स्वप्न साधारणपणे त्याच परीक्षेबद्दल पडतं, जी माणूस आधीच पास झालेला असतो. त्यांच्या मते उद्या काही जबाबदारीचं काम असलं, आपण कमी पडू अशी धास्ती असली, की मन जुनी धास्ती उकरून काढतं. ती खोटी ठरली होती, हे जणू आठवून देण्यासाठी.

फ्रॉइड यांचे बरेच सिद्धांत आज जसेच्या तसे मानले जात नाहीत, पण हे निरीक्षण टिकून आहे. बढतीची मुलाखत, लग्न, नवीन नोकरी, बाळंतपण, घराचं कर्ज. जिथे जिथे 'आपली परीक्षा आहे' असं वाटतं तिथे दहावीचा वर्ग परत भरतो. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या निकालाला घराघरांत जे वजन असतं ते पाहता, 'परीक्षा' या भावनेसाठी मेंदूने नेमका तोच वर्ग निवडावा यात नवल नाही.

पॅरिसमध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणाऱ्या ७१९ विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. परीक्षेच्या आदल्या रात्री त्यातल्या सुमारे ६० टक्के जणांना परीक्षेचंच स्वप्न पडलं. त्यातल्या बहुतेक स्वप्नांत काहीतरी बिनसलेलं होतं, कुणाला उशीर झाला, कुणाला उत्तर आठवेना. पण अशी स्वप्नं जास्त पडणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सरासरीने कमी नव्हते, उलट जास्त होते. स्वप्नामुळे गुण वाढले असा याचा अर्थ नाही. कदाचित ज्यांनी मनावर घेतलं होतं त्यांनाच स्वप्नंही पडली. पण 'स्वप्नात नापास झालो, आता खरंच नापास होणार' ही भीती मात्र निराधार ठरते.

दात पडले म्हणजे कुणी जाणार?

दात पडण्याच्या स्वप्नाला आपल्याकडे अपशकुन मानतात. कित्येक घरांत असं स्वप्न पडलं की म्हाताऱ्या माणसांची काळजी सुरू होते. २०१८ साली इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी २१० जणांना त्यांच्या स्वप्नांबद्दल, मानसिक त्रासाबद्दल आणि दातांबद्दलही विचारलं. दात पडण्याच्या स्वप्नांचा संबंध मानसिक त्रासाशी आढळला नाही. तो आढळला सकाळी उठल्यावर दात, हिरड्या किंवा जबडा दुखण्याशी, ताठरण्याशी. झोपेत दाब आलेला जबडा स्वप्नात शिरला आणि मेंदूने त्याची गोष्ट केली, ही त्यातली एक शक्यता.

शरीर असं अनेकदा स्वप्नात शिरतं. लघवी लागलेली असते तेव्हा रात्रभर बाथरूम शोधण्याचं स्वप्न पडतं. झोप लागता लागता स्नायूंना झटका बसतो आणि पायरी चुकल्यासारखं, खड्ड्यात पडल्यासारखं वाटतं. धावताना पाय न उचलण्यामागे रेम झोपेतले सैल स्नायू असू शकतात. म्हणून दातांचं स्वप्न वारंवार पडत असेल तर पंचांग उघडण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवलेलं बरं. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर ती तिथे कळेल.

आपली परंपरा काय सांगते?

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. आयुर्वेदातल्या चरकसंहितेतलं वर्गीकरण मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्यात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: पाहिलेल्या गोष्टींचं, ऐकलेल्या गोष्टींचं, अनुभवलेल्या गोष्टींचं, इच्छा केलेल्या गोष्टींचं, कल्पना केलेल्या गोष्टींचं, पुढे घडणाऱ्या गोष्टींचं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. यातल्या पहिल्या पाच प्रकारांना चरकसंहिता निष्फळ ठरवते. म्हणजे भविष्यसूचक स्वप्नांवर विश्वास असलेला हा ग्रंथसुद्धा सातपैकी पाच प्रकार बाजूला काढतो. पाहिलेलं, ऐकलेलं, भोगलेलं, हवं असलेलं आणि मनात रंगवलेलं, तेच झोपेत दिसतं, असं तो सांगतो. स्वप्नफलाच्या आजच्या पोस्टपेक्षा हा संयम जास्त आहे.

मराठी संतपरंपरेतही स्वप्नाला मोठी जागा आहे. तुकाराम महाराजांना गुरू बाबाजींचा उपदेश स्वप्नात झाला, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितलं आहे. त्या स्वप्नातला एक तपशील फार बोलका आहे. गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितलं आणि तुकोबा ते विसरले. आयुष्य बदलणाऱ्या स्वप्नातही घरचं तूप आणि विसरभोळेपणा असतोच. संत बहिणाबाईंनी तर तुकोबांना प्रत्यक्ष भेटण्याआधी स्वप्नात गुरू केलं. त्याआधी कितीतरी दिवस त्यांना तुकोबांच्या अभंगांचा आणि भेटीचा ध्यास लागलेला होता. भाविक याकडे साक्षात्कार म्हणून पाहतील, मानसशास्त्र ध्यासाचं रूप म्हणून. दोघांनाही एक गोष्ट मान्य व्हावी: ते स्वप्न आकाशातून पडलं नव्हतं, जागेपणीच्या ओढीतून आलं होतं.

ही पूर्वजन्माची आठवण तर नसेल?

लहानपणापासून एकच अनोळखी गाव, एकच घर स्वप्नात दिसतं म्हटलं की हा प्रश्न येतोच. महाराष्ट्रात यासंदर्भात सर्वांत जास्त चर्चा झाली ती नागपूरच्या एका प्रकरणाची. १९७४ साली तिशी ओलांडलेली एक मराठी महिला अधूनमधून स्वतःला 'शारदा' म्हणवू लागली, बंगाली बोलू लागली आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या बंगालमधल्या आयुष्याच्या गोष्टी सांगू लागली. सर्पदंशाची गोष्ट तिच्या सांगण्यात महत्त्वाची होती. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन आणि त्यांच्या भारतीय सहकारी सतवंत पसरिचा यांनी या प्रकरणाचा तपशीलवार अभ्यास केला.

त्यात एक वारंवार पडणारं स्वप्न आहे. ही मुलगी पोटात असताना तिच्या आईला साप पायाच्या अंगठ्याला चावायला येतोय असं स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. आणि मुलीला लहानपणी सापांची जबरदस्त भीती होती. पुनर्जन्म मानणाऱ्यांना हा पुरावा वाटला. भाषाशास्त्रज्ञ सारा थॉमसन यांच्यासारख्या टीकाकारांनी बंगाली भाषेच्या दाव्यावर बोट ठेवलं. त्या महिलेने आधी बंगाली वाचायला थोडंफार शिकलेलं होतं, आणि मराठी-बंगाली या एकाच कुळातल्या भाषा आहेत.

सापाच्या स्वप्नालाही सरळ वाट असू शकते. आईचं स्वप्न घरात सांगितलं जातं, आईची भीती मुलं टिपतात, आणि मुलाला ती आपली स्वतःची, जन्माआधीची भीती वाटू लागते. हे असंच घडलं, असं आज कुणी ठामपणे सांगू शकत नाही. पण पूर्वजन्मापर्यंत पोहोचण्याआधी वाटेत घर, आजीच्या गोष्टी, लहानपणी पाहिलेले सिनेमे आणि विसरलेले प्रसंग लागतात, तिथे आधी थांबायला हवं.

आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची. 'अगदी तेच स्वप्न' बहुतेक वेळा अगदी तेच नसतं. स्वप्नाची आठवण फार नाजूक असते. ते दर वेळी सांगताना थोडं बदलतं आणि बदललेलंच पुढच्या वेळी आठवतं. पुन्हा येतो तो साधारण विषय आणि नेमकी भावना. तपशील दरवेळी वेगळे असू शकतात. हे पडताळायचं असेल तर उशाशी वही ठेवून उठल्याबरोबर चार ओळी लिहाव्यात. सात-आठ नोंदी झाल्या की काय खरंच सारखं आहे आणि काय नाही, हे समोर दिसतं.

मग अर्थ कसा शोधायचा?

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या नेटा वाइनस्टाइन यांच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांच्या तीन मूलभूत मानसिक गरजा अपुऱ्या राहतात त्यांची वारंवार पडणारी स्वप्नं जास्त नकारात्मक असतात. या गरजा म्हणजे आपल्या मनाने वागता येणं, आपल्याला काही जमतं असं वाटणं आणि आपली माणसं असणं. त्याआधी, १९८६ साली मॅकगिल विद्यापीठातल्या ब्राऊन आणि डोन्डेरी यांनी तीन गटांची तुलना केली होती: सध्या असं स्वप्न पडणारे, पूर्वी पडत होतं पण थांबलं असे, आणि कधीच न पडलेले. सध्या पडणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सर्वांत कमी होतं. आश्चर्य म्हणजे ज्यांचं स्वप्न थांबलं होतं, त्यांचं स्वास्थ्य कधीच स्वप्न न पडलेल्यांपेक्षाही चांगलं होतं.

म्हणजे वारंवार येणारं स्वप्न हा आजार नाही. न सुटलेल्या एखाद्या गाठीची ती खूण असू शकते, आणि गाठ सुटली की बऱ्याचदा स्वप्न आपोआप जातं. वर्षानुवर्षं गेलेलं स्वप्न परत आलं तर 'आता काय होणार?' यापेक्षा 'सध्या काय चाललंय?' हा प्रश्न जास्त उपयोगाचा. त्यासाठी वहीत स्वप्नाशेजारी चार गोष्टी लिहाव्यात:

- स्वप्नात नेमकं काय वाटलं? भीती, लाज, असहायता, अपराधीपणा, की एकटेपणा?
- गेल्या दोन-तीन दिवसांत जागेपणी हीच भावना कुठे आली होती?
- हे स्वप्न पहिल्यांदा पडायला लागलं तेव्हा घरात, शाळेत काय चाललं होतं? घर बदललं होतं, कुणी गेलं होतं, भांडणं होती?
- ते मधली कितीतरी वर्षं का पडलं नाही? तेव्हा काय बरं चाललं होतं?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. उत्तर मात्र अनेकदा तिथेच असतं.

स्वप्न नव्हे, घडलेला प्रसंगच परत येत असेल तर?

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. गणिताचा पेपर किंवा मागे लागलेला वाघ ही एक गोष्ट. खरोखर घडलेला भयंकर प्रसंग जसाच्या तसा झोपेत परत येणं ही वेगळी गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लोक झोपेतच होते. अशा आपत्तीतून, अपघातातून, मारहाणीतून किंवा लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या माणसाला तोच क्षण रात्री पुन्हा पुन्हा भोगावा लागू शकतो. लहानपणी घडलेल्या अत्याचाराचं स्वप्न प्रौढपणीही पाठ सोडत नाही. ही आघातानंतरच्या मानसिक त्रासाची एक मुख्य खूण आहे. 'विसरून जा', 'देवाचं नाव घेऊन झोप' एवढ्याने ती जात नाही, आणि गेली नाही म्हणून त्या माणसाला दोष देणं तर सर्वस्वी चूक.

चांगली बातमी अशी, की यावर उपचार आहेत. त्यातला एक औषधाविनाचा आहे. स्वप्न लिहून काढायचं. मग जागेपणी त्याचा शेवट, किंवा हवा तो भाग, आपल्याला वाटेल तसा बदलायचा. दार उघडतं, कुणीतरी मदतीला येतं, मागे लागलेला प्राणी थांबून बसतो, काहीही. आणि हे नवं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून मनात चालवायचं. बॅरी क्राकाव आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या १६८ महिलांबरोबर ही पद्धत वापरून पाहिली आणि तिचे निष्कर्ष २००१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. ज्यांनी ती शिकून घेतली त्यांची दुःस्वप्नं कमी झाली आणि झोप सुधारली. वाघाला वाघोबा करण्यासारखंच हे: भीती पुसायची नाही, तिची गोष्ट बदलायची.

साध्या, नेहमीच्या स्वप्नासाठी हा प्रयोग घरी करता येतो. खऱ्या आघाताचं स्वप्न असेल तर मात्र तो मानसोपचारतज्ज्ञांच्या सोबतीनेच करावा.

मूल रात्री किंचाळत उठत असेल तर

झोप लागून दोन-तीन तासांत मूल किंचाळत उठून बसतं, डोळे उघडे असतात, पण ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. हे बहुधा स्वप्न नसतं, गाढ झोपेतून अर्धवट जाग आल्यामुळे हे होतं. अशा वेळी त्याला गदागदा हलवून उठवू नये. पडणार-लागणार नाही एवढं पाहावं, ते पुन्हा झोपतं. बहुतेक मुलांचं हे वयाबरोबर थांबतं.

पहाटेकडे रडत उठून 'वाघ आला' असं नीट सांगणाऱ्या मुलाला मात्र दुःस्वप्न पडलेलं असतं. 'काही नाहीये तिथे, झोप' असं दटावण्याऐवजी जवळ घ्यावं. दुसऱ्या दिवशी उजेडात त्याला तो वाघ काढायला सांगावं. मग त्या वाघाचं काय करायचं, हे त्यालाच ठरवू द्यावं. मुलं हे मोठ्यांपेक्षा पटकन करतात. तेच स्वप्न आठवड्यात अनेकदा पडत असेल, मूल झोपायलाच घाबरत असेल किंवा एखाद्या ठरावीक माणसाजवळ जायला तयार नसेल, तर शांतपणे ऐकून घेणं आणि डॉक्टरांना विचारणं गरजेचं आहे. 'बाहेरची बाधा' म्हणून त्याला कुठेतरी नेण्याने त्याची भीती वाढते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण किंवा छळ करणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

स्वप्नामुळे आठवड्यातून अनेकदा झोपमोड होत असेल, दिवसा थकवा आणि चिडचिड असेल, झोपायचीच भीती वाटत असेल, खरा प्रसंग परत परत दिसत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वाट पाहू नये. काही औषधांमुळे आणि दारू अचानक सोडल्यामुळेही भयानक स्वप्नं पडतात. त्यामुळे सुरू असलेली औषधं डॉक्टरांना सांगावीत, स्वतःहून बंद करू नयेत. पन्नाशीनंतर कुणी झोपेत स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडायला, ओरडायला, शेजारच्याला मारायला लागलं, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. काही मज्जाविकारांची ती फार आधीची सूचना असू शकते.

केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. चेणे, मीरा-भाईंदर, ठाणे परिसरातल्या लोकांसाठी ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय जवळ आहे. १९०१ साली स्थापन झालेल्या या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात फक्त 'वेडे' जातात ही समजूत आता तरी मागे टाकायला हवी. झोप लागत नाही, भीती वाटते, ही तिथे जाण्याची पुरेशी कारणं आहेत.

लहानपणापासून सोबत असलेलं स्वप्न भविष्य सांगत नाही. फार तर ते एवढंच सांगतं, की एक जुनी भावना आज पुन्हा जागी झाली आहे. ती कशामुळे जागी झाली, हे स्वप्नफलाची यादी लिहिणाऱ्याला कळू शकत नाही. ते ज्याला स्वप्न पडतं त्यालाच, थोडं थांबून पाहिलं तर, सापडतं.